मेश्रामकाकूंच्या नापसंत गोष्टी

आपली गोष्ट वाईट आहे असं चारचौघांत ऐकून खूश होणारी मी पाहिलेली एकमेव लेखिका म्हणजे मेश्रामकाकू. लेखक मी बरेच पाहिले आहेत. भंडाऱ्याला आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा, पण अधूनमधून एखादा कवी बगलेत संग्रह घेऊन येतोच. त्याचा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी त्याचं तोंड उतरतं. काकूंचं उलटं होतं. "ही कथा जमलेली नाही," असं वर्गात सरांनी म्हटलं की त्या बाकावर पुढं सरकायच्या, पदर सावरायच्या आणि म्हणायच्या, "सर, असं मोघम नोका सांगू. फोडून सांगा. कुठं कुठं वाईट हाये?"

नागपूरच्या विद्यापीठात आम्ही एका वर्गात होतो. 'सर्जनशील लेखन आणि प्रकाशन' अशा भारदस्त नावाची ती पदविका होती, शनिवार-रविवारची. मी गेलो होतो प्रकाशनासाठी. लोक पत्रिका मोबाइलवर धाडायला लागले होते आणि दुकानाला काहीतरी दुसरा आधार शोधणं भाग होतं. बाकीची मंडळी लेखनासाठी आली होती. त्यांच्यात मराठीचे दोन प्राध्यापक होते, एक तरुण कवयित्री होती, आणि सूड, खून व पुनर्जन्म एवढ्यावरच लिहिणारा एक पोस्टातला माणूस होता. काकू कशासाठी आल्या होत्या ते मात्र कोणालाच कळत नव्हतं.

त्या सिहोऱ्याच्या. उपकेंद्रातून नर्सबाई म्हणून निवृत्त झालेल्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र रोवणीच्या वेळी धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, या टोकाहून त्या टोकाला पोचेल असा. वर्गात शिरताना सगळ्यांना एकदमच "जयभीम" घालायच्या आणि सरांच्या अगदी समोरच्या बाकावर बसायच्या. सर पुण्याचे होते. बोलायचे हळू, पण एखाद्या कथेला हात घातला की तिचं काही शिल्लक ठेवायचे नाहीत. त्यांच्या बोलण्यात "कथेला श्वास घेऊ द्या" हे वाक्य वारंवार यायचं. पहिल्याच दिवशी काकूंनी विचारलं, "सर, श्वास मंजे कुठून कुठवर?" सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले की ते हळूहळू कळेल.

काकूंची पहिली कथा मला अजून आठवते. सहस्ररश्मी सूर्यनारायण पूर्वक्षितिजावर विराजमान होण्यापासून ती सुरू झाली आणि ते पूर्ण विराजमान होईपर्यंत एक पान संपलं. त्या पानात पूर्णविराम नव्हता. नायक शेतकरी होता, त्याचं नाव रामू. तिसऱ्या पानावर तो शामू झाला. दुसऱ्या पानावर साप चावून वारलेली त्याची आई चौथ्या पानावर अंगणात चहा पीत बसली होती. पोस्टातल्या माणसाला वाटलं की हा पुनर्जन्म आहे, आणि त्यानं मोठ्या कौतुकानं मान डोलावली. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मेश्रामबाई, ही आई मेली होती ना?"

"हो सर."

"मग ती चहा कशी पिते?"

काकूंनी कथेचं पान उलटून पाहिलं. "बिनसाखरेचा करू का?"

वर्ग हसला. काकूही हसल्या, आणि लगेच सरांना म्हणाल्या की आई मेली हा एक मुद्दा झाला, आणखी काय काय चुकलं ते सांगा. सरांनी सांगितलं. काकूंनी एकेक मुद्दा त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला. लिहून काही घेत नसत. नर्सबाईची स्मरणशक्ती होती, गावातल्या कोणत्या पोराला कोणती लस कधी टोचली हे पाठ असलेली. तास संपला तेव्हा सर दमले होते आणि काकूंचा चेहरा बाजारातून भरलेली पिशवी घेऊन निघालेल्या बाईसारखा समाधानी होता.

उलट एखाद्याची कथा चांगली निघाली, वर्गानं ती उचलून धरली, की काकूंचा रस जायचा. कवयित्रीच्या एका कथेवर सर्वांनी स्तुती केली, तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "याच्यात तं काईच निंगत नाई बाप्पा." त्या आवाजात हेवा नव्हता. खरंच हळहळल्यासारखा सूर होता.

मला सगळ्यात कोड्यात टाकलं ते बसमधल्या काकूंनी. तुमसरहून निघालेली नागपूरची गाडी भंडाऱ्याला येईपर्यंत भरलेली असायची, पण काकूंची पिशवी माझ्यासाठी जागा धरून बसलेली असायची. मी बसलो की त्या बोलायला लागायच्या, आणि नागपूर येईपर्यंत थांबायच्या नाहीत. ते बोलणं असं असायचं की पुढच्या सीटवरचे लोक मान वळवून ऐकायचे.

एकदा त्यांनी शर्टाची गोष्ट सांगितली. त्यांच्या दिरानं पोरगी पाहायला जाण्यासाठी एक रेशमी शर्ट शिवला होता. त्याचं लग्न जमलं. मग तो शर्ट शुभ ठरला आणि गावातला प्रत्येक पोरगा पोरगी पाहायला तोच शर्ट घालून जाऊ लागला. कोणाला तो गुडघ्यापर्यंत यायचा, कोणाची बटणं लागायची नाहीत. शेवटी एका गावातल्या म्हाताऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं, "पोरगा नवा हाये, पर शर्ट माह्या मोठ्या पोरीले पाहून गेलता. तवा नाई म्हणला होता. आता काहून आला?"

गाडीतला कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून हसत उभा राहिला होता. मी म्हटलं, काकू, हीच गोष्ट लिहा. जशी सांगितली तशी. काकूंनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाल्या, "नाई बाबू. ते काई कामाची नाई."

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात आणली ती कथा वर्षाऋतूवर होती. तिच्यात मेघांनी गर्जना केली, मोरांनी नृत्य केलं, आणि नायिका पुराच्या पाण्यात वाहून गेल्यावर आपल्या लग्नाला वेळेवर हजर राहिली.

काकूंची आणखी एक सवय होती. आमच्या दुकानात फसलेल्या पत्रिका असतील तर त्या मागून न्यायच्या. छपाईत चुका होतात. एकदा शंभर पत्रिकांवर 'शुभविवाह'च्या जागी 'शुभविवाद' छापलं गेलं होतं. गिऱ्हाईक संतापलं, आम्ही दुसऱ्या छापून दिल्या. काकूंना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "एखादी आना ना बाबू. याच्याहून वाईट असन तं तेबी पाह्यजा." मला वाटलं, जाड कागद आहे, कशाला तरी वापरत असतील. पुढं मी चुकलेल्या पत्रिका बाजूला काढूनच ठेवू लागलो.

शेवटच्या सत्रात प्रकाशनाचं प्रात्यक्षिक होतं. वर्गानं मिळून एक कथासंग्रह काढायचा, निवड, संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ सगळं आपणच करायचं, आणि त्यावर गुण. माझं दुकान असल्यामुळे संपादकपद माझ्या गळ्यात पडलं. प्रत्येकाची एक कथा घ्यायची असं आधी ठरलं होतं, पण काकूंनी दिलेली कथा वाचून दोन्ही प्राध्यापकांनी हात टेकले. तिच्यातला सूर्योदयच संपता संपत नव्हता. सरही म्हणाले की संग्रहात ती जाऊ शकत नाही. त्यांनी दुसरी लिहावी, नाहीतर संपादन मंडळात काम करून गुण घ्यावेत. आणि हे त्यांना सांगायचं कोणी, तर संपादकानं. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईला असं सांगणं मला जमेना. दोन आठवडे मी शर्टाचीच गोष्ट लिहा म्हणून त्यांच्या मागं लागलो. त्या ऐकेनात. मग एका कामाच्या वारी मी फोन केला की सिहोऱ्याला येतोय, थोडं बोलायचं आहे. "या," एवढंच म्हणाल्या.

धानाची कापणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्यांमध्ये कापलेला धान वाळत पडला होता. काकूंचं घर विहाराच्या मागल्या बाजूला, पुढं सिमेंटचा ओटा आणि लोखंडी फाटक. मी फाटकाला हात लावला आणि आतून एका पुरुषाचा आवाज ऐकू आला. तो कोणाला तरी रागावत होता. मोठ्यानं नाही, पण शाळेतले जुने मास्तर ज्या सुरात रागावतात त्या सुरात.

"एवढी मोठी... एवढी मोठी खिडकी कशाला लिहिलीस? वाचणाऱ्याचा... वाचणाऱ्याचा बैल... दम... दम जातो."

"हो जी," काकूंचा आवाज आला. "खिडकी लांबली माही."

"मधे तोड. इथं तोड. आणि इथं."

"इथं काहून?"

"कारण इथं... अर्थ बसला. बसला की नाही? मग उठव कशाला?"

दार उघडंच होतं. आत खुर्चीवर एक उंच, पिकल्या केसांचा माणूस बसला होता, हातात कागद. काकू त्याच्यासमोर उभ्या होत्या, शिक्षा झालेल्या पोरीसारख्या. त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं खूण केली की आत येऊ नका, तिथंच थांबा. मी फाटकापाशी थांबलो. तो माणूस अडखळत, शब्द शोधत, भलतेच शब्द सापडले तर तेच वापरून बोलत राहिला. काकू मधेमधे "कसं काय?" आणि "पर सर तं म्हणत होते का..." असं घालत होत्या, म्हणजे विस्तवात काडी सारावी तसं. तो पुन्हा पेटायचा. "तुमच्या त्या सरांना काय कळतं," असं त्यानं एकदा अगदी अख्खं, न अडखळता म्हटलं.

बऱ्याच वेळानं तो दमला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. काकू बाहेर आल्या. आम्ही ओट्यावर बसलो. त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

काकूंचे यजमान, मेश्राममास्तर, पंचक्रोशीत मराठीचे मास्तर म्हणून ओळखले जायचे. निवृत्तीनंतर त्यांना लकवा मारला. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, हातही बराचसा परत आला. शब्द तेवढे आपापल्या जागी आले नाहीत.

"पाणी मांगाचं असलं तं तोंडातून 'पायरी' निंगते," काकू म्हणाल्या. "आन् चुकलं हे त्यायले समजते, तेच वाईट हाये. जिंदगीभर दुसऱ्याचं सुधारलं ना. मंग बोलणंच बंद केलं. नागपूरचा डॉक्टर म्हणे, बोलतं करा. कसं करू? टीव्ही लावला, तं उठून जायचे. कोणी भेटाले आलं, तं झोपल्याचं सोंग. मी बोलत राहू, ते आयकत राहत. मी किती बोलतो तुमाले मालूमच हाये. पर एकट्यानं बोलून बोलून माणूस येडा होते बाबू."

मग एक दिवस विहारातल्या कार्यक्रमाची सूचना काकू फळ्यावर लावण्यासाठी लिहीत होत्या. 'उपस्थीत राहावे' असं त्यांनी लिहिलं. मास्तर मागं उभे होते. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून शब्द निघाला. ते म्हणाले, "ऱ्हस्व."

समोरच्या रस्त्यावरून धानाच्या पेंढ्यांनी भरलेला ट्रॅक्टर जात होता. तो गेल्यावर काकू पुढं म्हणाल्या, "मंग मी चुका कराले लागली. दूधवाल्याले चिठ्ठी, किराण्याची यादी. पर वेलांटी सुधाराले एक शब्द पुरते. मले असं पाह्यजे होतं का त्यायले लंबं बोला लागन. आन् घरच्या चुका कितीक दिवस पुरतीन? तेवढ्यात पेपरात ह्या विद्यापीठाचं आलं. म्हटलं, हे बरं हाये. गोष्ट वाईट असली तं माणसाले पुऱ्या वाक्यात बोला लागते."

शनिवार-रविवारी शेजारची पुतणी मास्तरांजवळ बसायची. काकू वर्गातले सगळे आक्षेप डोक्यात भरून आणायच्या आणि सोमवारपासून एकेक काढायच्या. सरांचे आक्षेप त्यांच्या विशेष उपयोगाचे, कारण ते मास्तरांना पटत नसत. माझ्या दुकानातल्या चुकलेल्या पत्रिका अडीअडचणीला, म्हणजे कथा संपली आणि शनिवार दूर असला तर.

"आणि शर्टाची गोष्ट?" मी विचारलं.

"ते चांगली हाये ना. चांगल्या गोष्टीले ते नुस्ती मान हालवतीन."

मी ज्या कामाला आलो होतो ते आता मी सांगून टाकलं. कथा संग्रहात घेता येणार नाही, असं ठरलं आहे. काकूंनी दोन्ही हात जोडले. मला वाटलं विनवतात. पण त्या म्हणाल्या, "लय चांगलं झालं. पसंत झाली असती तं मास्तर बोलाचे थांबले असते. तुमी एक करा. हे त्यायले तुमी सोता सांगा."

मी म्हटलं, त्यांना परक्यासमोर बोलायला आवडत नाही ना. त्या म्हणाल्या, म्हणूनच. आणि चहा ठेवायला उठून गेल्या.

मास्तर उठून बाहेर आले. मला पाहून परत फिरायला लागले, पण काकूंनी आतून सांगितलं की हे संपादक आहेत, तुम्ही सुधारलेल्या कथेसाठी आले आहेत. ते ओट्यावरच्या खुर्चीच्या कडेला टेकले आणि जमिनीकडे पाहत बसले. कथा वाचली, मेहनत दिसते, पण मंडळाच्या मते ती छापण्यासारखी नाही, असं म्हणालो. मी मग कारणं सांगू लागलो. निसर्गवर्णन फार आहे. पात्रं सपाट आहेत. वाक्यं लांब आहेत.

शेवटच्या कारणावर त्यांनी मान वर केली.

"लांब... लांब नाहीत," ते म्हणाले. "मी... मी कापली. स्वतः. कोणती लांब? दाखव. दाखव कोणती... कोणती नदी लांब आहे?"

कागद माझ्याजवळ होता. मी एक वाक्य दाखवलं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, चष्मा चढवला आणि बोलायला सुरुवात केली. वाक्य लांब कधी वाटतं आणि लांब कधी असतं, यातला फरक त्यांनी मला समजावला. निम्मे शब्द भलतेच होते. क्रियापदाला ते 'बैल' म्हणत होते, विशेषणाला एकदा 'टोपी' आणि एकदा 'सासरा'. मला सगळं समजलं. चुकीचा शब्द पडला की त्यांचा चेहरा आक्रसायचा, नजर माझ्याकडे जायची, मी हसतो का ते पाहायला. मी हसलो नाही, आणि ते पुढं जायचे. संपादक म्हणून मला काही येत नाही असंही त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना एकही शब्द चुकला नाही.

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत. मास्तरांचं बोलणं संपलं तेव्हा चहावर साय धरली होती. त्या मागं वळून तो पुन्हा गरम करायला गेल्या आणि चहा गरम व्हायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळानं बाहेर आल्या. पदरानं त्यांनी तोंड पुसलेलं दिसत होतं.

संग्रह निघाला. त्यात मेश्रामकाकूंची कथा नाही. संपादन मंडळात शेवटचं नाव त्यांचं आहे. पदविका त्यांना मिळाली, कशीबशी. पण कथा लिहिणं त्यांनी सोडलं नाही. आता त्या थेट माझ्या दुकानात कथा पाठवतात आणि मी त्या नापसंत करतो. कधी सिहोऱ्याला जाऊन करतो, कधी निरोपानं.

लकव्यानंतर मास्तर फोनवर बोलत नसत. समोर माणूस असला तर हातानं काही दाखवता येतं, फोनवर शब्दाशिवाय काही नसतं. गेल्या महिन्यात दुपारी दुकानात काकूंच्या नंबरावरून फोन आला. मी म्हटलं, बोला काकू. पलीकडून कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता.

"मी... मी मेश्राम," मास्तर म्हणाले. "तिची गोष्ट तू का..."

शब्द अडला. त्यांना 'नाकारली' म्हणायचं असावं. मी वाट पाहिली. पाठीमागे काकूंच्या बांगड्या वाजल्याचा आवाज आला, म्हणजे त्या तिथंच होत्या, आणि शब्द त्यांनाही माहीत होता. त्यांनी तो सांगितला नाही. मीही सांगितला नाही. दुकानात एक गिऱ्हाईक पत्रिकेचे नमुने चाळत होतं, त्याला मी हातानं थांबवलं.

"का भिजवलीस?" मास्तर म्हणाले.

"सांगतो, सर," मी म्हटलं. "का भिजवली ते सांगतो." आणि मी खुर्ची ओढून बसलो.